खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ - १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाईल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी फ्लायवेट गटात सहावे स्थान मिळवले होते. सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातल्या गोळेश्वर या गावी त्यांचा जन्म झाला. कराडचे टिळक हायस्कूल आणि कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. १९५५ पासून २७ वर्षे त्यांनी पोलीस खात्यात सेवा केली व त्या काळात क्रीडा मार्गदर्शक म्हणूनही काम पाहिले. लहान चणीमुळे व विलक्षण चपळाईमुळे ते पॉकेट डायनॅमो या नावाने ओळखले जात. त्यांचे बहुतेक शासकीय सन्मान मरणोत्तर आहेत.

जन्म आणि कुटुंब

गोळेश्वर हे कराड शहरालगतचे शेतकरी वस्तीचे गाव आहे. कृष्णा आणि कोयना या नद्यांचा संगम कराड येथे होतो व त्या संगमाभोवतीच्या काळ्या, सुपीक मळ्यांच्या पट्ट्यात कुस्तीची परंपरा जुनी आहे. गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रांना कुस्तीचा फड भरतो, हलगीच्या तालावर मल्ल आखाड्यात उतरतात आणि नारळापासून मोठ्या रकमेच्या इनामापर्यंत चढत्या क्रमाने जोडी लागते. खाशाबांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. त्यांच्या पाच मुलांपैकी खाशाबा हे सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना तालमीत नेण्यास प्रारंभ केला. आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नामांकित मल्लाला अवघ्या दोन मिनिटांत चीत केल्याची आठवण गावात सांगितली जाते.

शालेय शिक्षण आणि स्वातंत्र्य चळवळ

१९४० ते १९४७ या काळात खाशाबांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. हा काळ सातारा जिल्ह्याच्या इतिहासातील अत्यंत धामधुमीचा होता. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही मोठा भाग समाविष्ट होता. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. १९४२ च्या चले जाव आंदोलनात सप्टेंबर महिन्यात वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाला. पुढे १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजेच लोकांच्या तोंडचे पत्री सरकार, या भागात उभे राहिले. नाना पाटील हे वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे. त्यांच्या कार्यकर्त्यांना कृष्णाकाठच्या गावांनी आसरा दिला.

शाळकरी वयाच्या खाशाबांनी या चळवळीत आपल्या परीने भाग घेतला. भूमिगत कार्यकर्त्यांना लपण्यास जागा देणे व त्यांची पत्रके वाटणे अशी कामे त्यांनी केली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. ऑलिंपिकच्या मैदानावर स्वतंत्र देशाचा तिरंगा फडकवावा, ही आकांक्षा त्यांच्या मनात त्याच सुमारास रुजली.

कुस्तीचे प्रारंभिक शिक्षण

वडिलांखेरीज बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी हे खाशाबांचे कुस्तीतील मार्गदर्शक होते. तत्कालीन तालमीतील शिक्षण हे गुरुशिष्य परंपरेचे होते. पहाटेचे जोर आणि बैठका, आखाड्यातील लाल माती खणून भुसभुशीत करणे, आपल्याहून जड मल्लांशी लढत करणे आणि वस्तादांच्या नजरेखाली एकेक डाव घोटणे, हा त्यातील नित्यक्रम असे. शरीर लहान असल्यामुळे बळापेक्षा वेग आणि डावांची अचूकता यांवर खाशाबांनी भर दिला. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान व खांदा बगलेत धरून, आपले अंग वळवून त्याला जमिनीवर आदळणे, असे या डावाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. यात क्षणाचा विलंबही चालत नाही, कारण पकड पुरी बसण्यापूर्वी अंग वळले तर डाव करणाराच उघडा पडतो.

राजाराम महाविद्यालय

शालेय शिक्षण संपल्यावर खाशाबांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला. कराडपासून कोल्हापूर फार दूर नाही, परंतु कुस्तीच्या दृष्टीने हा एका वेगळ्या जगात प्रवेश होता. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुस्तीला राजाश्रय दिला, तालमी बांधल्या आणि खासबाग मैदान उभारले. सातारा, सांगली व सीमाभागातील होतकरू मल्ल यामुळे कोल्हापूरच्या तालमींत येऊन राहत असत.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेतील एक प्रसंग खाशाबांच्या चरित्रात नेहमी नमूद केला जातो. कुस्तीच्या स्पर्धेत नाव नोंदवण्यासाठी ते क्रीडाशिक्षकांकडे गेले असता त्यांची किरकोळ देहयष्टी पाहून त्यांना नकार मिळाला. खाशाबा निमूटपणे परत न फिरता प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी अनुमती दिली व त्यांनी एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना हरवून स्पर्धा जिंकली. नियमाने मिळणारी संधी मागून घ्यायची, ती नाकारली गेल्यास वरच्या पायरीवर दाद मागायची आणि शेवटी निकाल आखाड्यात द्यायचा, हा क्रम त्यांच्या पुढील आयुष्यातही दिसून येतो.

लंडन ऑलिंपिक, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची भारतीय संघात निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी लाइटवेट विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

मातीवरची कुस्ती आणि ऑलिंपिकमधील फ्रीस्टाईल कुस्ती यांत मूलभूत भेद आहे. मातीत पाय रोवता येतो, पकडीला माती लावता येते आणि प्रतिस्पर्धी चीत होईपर्यंत लढत चालू राहू शकते. मॅटवर, म्हणजे गादीवर, पाय वेगळ्या रीतीने टिकवावे लागतात. त्या काळी ऑलिंपिकमध्ये लढतीला १५ मिनिटांची मर्यादा होती. तेवढ्या वेळात कोणी चीत न झाल्यास तीन पंचांच्या मतांवर निकाल लागत असे. म्हणजे केवळ बचाव करून कुस्ती बरोबरीत सोडवण्याचा जुना मार्ग तेथे उपयोगाचा नव्हता. खाशाबांना मॅटचा व आंतरराष्ट्रीय नियमांचा सराव जवळपास नव्हता.

अशा स्थितीतही फ्लायवेट (५२ किलो) गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना पहिल्या काही मिनिटांतच पराभूत केले. त्यानंतर अमेरिकेच्या बिली जर्निगन यांच्यावर त्यांनी विजय मिळवला. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली. त्यांना अखेरीस सहावे स्थान मिळाले. 

लंडन ते हेलसिंकी

लंडनहून परतल्यावर चार वर्षे खाशाबांनी सराव अधिक कठोर केला. त्यांनी फ्लायवेटऐवजी वरच्या, म्हणजे बँटमवेट (५७ किलो) गटात लढण्याचे ठरवले. या गटात अधिक देशांचे मल्ल होते व स्पर्धा अधिक तीव्र होती.

दरम्यान राजकीय परिस्थितीही पालटली होती. १९४९ च्या मार्च महिन्यात कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या राजाश्रयावर या भागातील कुस्ती पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली, तो संपला. त्याची जागा घेईल अशी शासकीय क्रीडाव्यवस्था मात्र अद्याप उभी राहिली नव्हती. १९४८ मध्ये लंडनच्या खर्चाचा प्रश्न दरबारात सुटला होता. १९५२ मध्ये तो खाशाबांना दारोदार जाऊन सोडवावा लागला.

निवडीचा वाद

हेलसिंकीसाठीच्या निवडीतही अडचण आली. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला व त्यामुळे आपली निवड हुकली, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. क्रीडाप्रेमी म्हणून ख्यात असलेल्या महाराजांनी त्यांचे म्हणणे ऐकून निवड चाचणीत लढण्याची संधी मिळवून दिली. त्या चाचणीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून खाशाबांनी संघातील स्थान निश्चित केले.

निधिसंकलन

निवड झाली तरी प्रवासखर्चाची तरतूद नव्हती. मुंबई राज्य शासनाकडे ४,००० रुपयांच्या साहाय्याची विनंती वारंवार करण्यात आली, परंतु ती मान्य झाली नाही. तेव्हा खाशाबा व त्यांचे कुटुंबीय गोळेश्वर, कराड व आसपासच्या गावांत वर्गणीसाठी फिरले. शेतकऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे लहानमोठ्या रकमा दिल्या.

सर्वांत मोठी मदत राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडून आली. आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही रक्कम त्या काळच्या मानाने मोठी होती आणि तिला कोणतेही तारण नव्हते. पदक मिळेल याची शाश्वती नव्हती आणि मिळाले तरी पैसे परत येण्याचा मार्ग दिसत नव्हता. शिक्षकाने विद्यार्थ्यावर टाकलेला हा विश्वास खाशाबांच्या हेलसिंकीच्या प्रवासाचा प्रमुख आधार ठरला.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

हेलसिंकी येथे कुस्तीच्या लढती मेसुहाली या सभागृहात झाल्या. त्या वेळच्या पद्धतीनुसार एका पराभवाने मल्ल लगेच बाद होत नसे. पराभवाचे व काठावरच्या विजयाचे दोषगुण साचत जात आणि ठरावीक मर्यादा ओलांडल्यावर मल्ल स्पर्धेबाहेर जाई. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला चीत करून निर्विवाद विजय मिळवणे हिताचे असे.

खाशाबांच्या प्रमुख लढती पुढीलप्रमाणे झाल्या:

* कॅनडाचे आद्रिएन पोलिकँ यांच्यावर चितपटीने विजय
* मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो यांच्यावर चितपटीने विजय
* जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर पंचांच्या बहुमताने विजय
* जपानचे शोहाची इशी यांच्याकडून पराभव
* सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याकडून पराभव

इशी यांच्याशी झालेली लढत प्रदीर्घ व थकवणारी होती. ती संपताच खाशाबांना मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यासाठी पाचारण करण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु हा नियम संयोजकांपुढे मांडण्यासाठी त्या वेळी भारतीय पथकाचा कोणीही अधिकारी उपस्थित नव्हता. परदेशात, परक्या भाषेत, मॅटच्या कडेला एकटा उभा असलेला मल्ल स्वतःची बाजू मांडू शकला नाही. थकलेल्या खाशाबांनी ही लढत गमावली. विश्रांती मिळाली असती तर निकाल वेगळा लागला असता किंवा काय, याविषयी खात्रीने काही म्हणता येत नाही. तथापि नियमाने देय असलेली सवलत त्यांना मिळाली नाही, ही बाब त्यांच्या चरित्रकथनात सातत्याने नोंदवली जाते.

या गटात इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य व खाशाबांना कांस्यपदक मिळाले. २३ जुलै १९५२ या दिवशी खाशाबांचे पदक निश्चित झाले. याच स्पर्धेत फेदरवेट गटात लढलेले त्यांचे सहकारी मल्ल माणगावे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. भारतीय हॉकी संघाने हेलसिंकीत सुवर्णपदक जिंकले. त्यामुळे त्या वर्षी देशाच्या वाट्याला दोन पदके आली. हॉकीच्या विजयाची परंपरा १९२८ पासूनची होती, तर कुस्तीतील पदक पूर्णतः अनपेक्षित होते.

पदकाचे स्थान

खाशाबांच्या पदकाचा उल्लेख भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असा अनेकदा केला जातो. तो स्वतंत्र भारताच्या संदर्भात अचूक आहे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती. तथापि तो काळ ब्रिटिश सत्तेचा होता. खाशाबांनंतर भारताला पुढील वैयक्तिक पदकासाठी ४४ वर्षे थांबावे लागले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये टेनिसपटू लिअँडर पेस यांनी कांस्यपदक मिळवले. कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ मध्ये बीजिंग येथे सुशील कुमार यांच्या रूपाने, म्हणजे ५६ वर्षांनंतर आले.

स्वागत आणि ऋणफेड

हेलसिंकीहून परतल्यावर कराड येथे खाशाबांचे अभूतपूर्व स्वागत झाले. शंभराहून अधिक सजवलेल्या बैलगाड्यांची मिरवणूक ढोल-ताशांच्या गजरात निघाली. एरवी पंधरा मिनिटांत कापता येणाऱ्या अंतराला त्या दिवशी सात तास लागले, असे गोळेश्वरमध्ये सांगितले जाते. ज्यांनी वर्गणी दिली होती, तेच लोक या मिरवणुकीत होते. त्यामुळे पदकावर आपलाही वाटा आहे, ही भावना या स्वागतामागे होती.

स्वागतसमारंभानंतर खाशाबांपुढे ऋणफेडीचा प्रश्न होता. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून व त्यांत स्वतः लढून पैसे जमवले आणि त्यातून प्रथम प्राचार्य खर्डेकर यांचे ७,००० रुपये परत केले. गहाण पडलेले घर अशा रीतीने सुटले. ऑलिंपिक पदकविजेत्याने प्रवासाचे कर्ज फेडण्यासाठी पुन्हा गावोगावच्या मातीत उतरावे, ही घटना त्या काळातील क्रीडाव्यवस्थेची स्थिती स्पष्ट करते. त्याचबरोबर गुरूच्या विश्वासाची परतफेड हे शिष्याने आपले पहिले कर्तव्य मानले, हेही तिच्यातून दिसते.

पोलीस सेवा आणि क्रीडा मार्गदर्शन

पदक मिळाल्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यांतर्गत कुस्ती स्पर्धांत त्यांनी अनेक विजय मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भाग घेण्याची त्यांची इच्छा होती, परंतु गुडघ्याच्या दुखापतीमुळे ती अपुरी राहिली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील त्यांची कारकीर्द येथे संपली.

यानंतर क्रीडा मार्गदर्शक म्हणून त्यांनी जबाबदारी सांभाळली. मातीतून मॅटवर जाताना मल्लाला काय टाकावे लागते व काय नव्याने शिकावे लागते, याचा त्यांच्याइतका प्रत्यक्ष अनुभव असलेले मल्ल त्या काळी देशात मोजकेच होते. जोर, बैठका व डावांचे ज्ञान तालमीतील वस्ताद देऊ शकत. वेळेची मर्यादा सांभाळून लढणे, पंचांच्या मतांचा अंदाज घेणे आणि एका दिवसात एकाहून अधिक लढती पेलणे या गोष्टी मात्र ऑलिंपिकचा अनुभव असलेल्या मार्गदर्शकाकडूनच समजणाऱ्या होत्या.

खात्यात त्यांची पदोन्नती अतिशय संथ गतीने झाली. प्रदीर्घ काळ ते उपनिरीक्षक पदावरच राहिले. २७ वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले.

अखेरची वर्षे आणि निधन

१९८२ मध्ये दिल्ली येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्या वेळी क्रीडाज्योतीच्या दौडीत खाशाबांना सहभागी करून घेण्यात आले. राष्ट्रीय पातळीवर त्यांच्या हयातीत झालेल्या मोजक्या गौरवांपैकी हा एक होय. क्रीडासंघटनांकडून त्यांची दीर्घकाळ उपेक्षा झाली व आयुष्याचा शेवटचा काळ आर्थिक ओढाताणीत गेला.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात खाशाबा जाधव यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात कुटुंबीयांना साहाय्य मिळवण्यासाठी दीर्घकाळ प्रयत्न करावे लागले. हयातीत त्यांना अर्जुन पुरस्कार अथवा पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपलेली होती आणि आधीच्या काळातील कामगिरीची दखल घेण्यास पुढे अनेक वर्षे लागली.

मरणोत्तर सन्मान

* १९९२-९३ : महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार
* २००० : भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार
* २०१० : दिल्ली येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती सभागृहास त्यांचे नाव
* १५ जानेवारी २०२३ : ९७ व्या जयंतीनिमित्त गुगलच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र
* महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे ठरवले

संजय दुधाणे यांनी खाशाबांचे मराठी चरित्र लिहिले आहे. त्यांच्या जीवनावर आधारित चित्रपटाची घोषणा दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी केली.

गोळेश्वर येथील स्मारक आणि कुस्ती प्रबोधिनी

गोळेश्वर येथील जाधव कुटुंबाचे घर ऑलिंपिक निवास या नावाने ओळखले जाते. गावात खाशाबांच्या नावाने कुस्तीचे प्रशिक्षण केंद्र उभारावे, ही मागणी जुनी आहे. शासनाने या प्रकल्पाची घोषणा केली व त्यासाठी निधीची तरतूदही जाहीर केली. तथापि वर्षे लोटली तरी काम पूर्ण झाले नाही. २०१७ मध्ये खाशाबांच्या कुटुंबीयांनी प्रबोधिनीसाठी पैसा उभारण्याच्या हेतूने हेलसिंकीचे पदक लिलावात काढण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हा या प्रश्नाकडे देशभरातील वृत्तपत्रांचे लक्ष वेधले गेले. ज्या पदकासाठी १९५२ मध्ये गावाने वर्गणी काढली, तेच पदक गावातील मुलांच्या तालमीसाठी विकण्याची वेळ यावी, याबद्दल तेव्हा हळहळ व्यक्त झाली.

वारसा

खाशाबांच्या यशाने कृष्णाकाठच्या मल्लांपुढे एक नवे उद्दिष्ट उभे राहिले. तोपर्यंत मोठ्या मैदानातील गदा व इनाम हे मल्लाचे सर्वोच्च ध्येय असे. खाशाबांच्या नंतर आंतरराष्ट्रीय पदक हेही ध्येय असू शकते, हे या भागातील तालमींना पटले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत आजच्या सांगली जिल्ह्यातील दोन मल्लांनी सुवर्णपदके मिळवली. कवठे पिरानचे मारुती माने हे फ्रीस्टाईल प्रकारात, तर शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपत आंदळकर हे ग्रीको-रोमन प्रकारात विजयी झाले. दोघांनीही प्रत्येकी एक रौप्यपदकही मिळवले. आंदळकर यांनी पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून अनेक वर्षे मल्ल घडवले. मातीतील मल्लाने मॅटवर पदक मिळवावे आणि मग पुढच्या पिढीला शिकवावे, ही परंपरा सातारा, सांगली व कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांत यानंतर रुजत गेली.

ग्रामीण भागातील शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडाजीवनातही खाशाबांच्या चरित्राला स्थान आहे. अंगकाठीवरून नाकारलेला विद्यार्थी, त्याला संधी देणारे प्राचार्य आणि घर गहाण ठेवणारे प्राचार्य खर्डेकर यांची कथा शाळांमधून सांगितली जाते. राज्य क्रीडा दिनाच्या रूपाने १५ जानेवारी ही तारीख आता शासकीय दिनदर्शिकेत आली आहे. गोळेश्वर व कराड परिसरात मात्र त्यापूर्वीपासून ती खाशाबांची जयंती म्हणून पाळली जाते आणि त्या निमित्ताने कुस्तीचे फड भरवले जातात.